बसायला

शाळेच्या गेटवर वॉचमनपाशी जे रजिस्टर असतं त्यात पाच रकाने असतात: नाव, वेळ, कोणाकडे, काम, सही. जुलै २०२३ मधला दुसरा शनिवार, दुपारचे साडेचार. पहिले तीन रकाने भरले आणि चौथ्यापाशी अडकलो. पाऊस धो धो कोसळत होता, मागे आणखी दोघे छत्र्या मिटून खोळंबलेले. शेवटी 'मीटिंग' असं लिहून टाकलं. वॉचमनने वाचलं. "पालक सभा का, साहेब?"

"तसंच काहीसं," म्हटलं. माझा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता.

ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी मराठी शाळा. पहिल्या मजल्यावर इयत्ता चौथी 'ब'. फळ्याच्या कोपऱ्यात सकाळची नोंद तशीच होती: पट ३१, हजर २६. बाकांवर पंचेचाळीस ते अठ्ठावन्न वयाचे सात पुरुष बसायचा प्रयत्न करत होते. प्रयत्न म्हणतो, कारण चौथीच्या बाकात मोठ्या माणसाचे गुडघे आत जात नाहीत. कोणी आडवा बसलेला, कोणी पाय बाहेर रस्त्यात सोडलेले, एक जण तर सरळ बाकाच्या पाटीवर चढून बसला होता. यातल्या प्रत्येकाला कामाच्या ठिकाणी फिरती खुर्ची होती आणि केबिनच्या दारावर नाव होतं.

मी तिथे कसा पोचलो ते आधी सांगतो.

रबाळे एमआयडीसीत एका कारखान्याचा मी प्लांट हेड. इलेक्ट्रिकल पॅनेल बनवतो. राहायला पाचपाखाडीत. अंतर फार नाही, पण विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की तेवढ्या अंतरालाही दीड तास लागतो, त्यामुळे उशिरा घरी जायला कारण शोधावं लागत नाही. मी तर वेळेत पोचूनही घरी जात नव्हतो. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची, इंजिन बंद करायचं, दिवे बंद करायचे आणि बसून राहायचं. वीस मिनिटं, कधी चाळीस. फोनसुद्धा बघत नसे. रात्री साडेतीनला जाग यायची आणि दुसऱ्या दिवशीच्या डिस्पॅचचे आकडे डोळ्यांपुढे सरकायचे. बीपीची गोळी सुरू झाली होती, ती मी 'वयोमानाप्रमाणे' या खात्यात टाकून दिली होती.

एका संध्याकाळी काचेवर टकटक झाली. खालच्या मजल्यावरचा माझा शाळेतला मित्र, सरकारी बँकेत ब्रँच मॅनेजर.

"काय रे, चावी अडकली का?"

"नाही. येतोच आहे वर."

तो गेला नाही. दार उघडून शेजारी बसला. पाचेक मिनिटं आम्ही दोघं समोरच्या खांबावरचा 'नो पार्किंग'चा बोर्ड बघत होतो. मग म्हणाला, "दुसऱ्या शनिवारी काय करतोस?" दुसरा शनिवार अशासाठी की त्या दिवशी बँकांना सुट्टी. मी म्हटलं, काही विकणार असशील तर आत्ताच सांग. तो म्हणाला, विकायचं काही नाही, आठ-नऊ जण बसतो. सगळे कुठे ना कुठे वरच्या खुर्चीत असलेले. बोलतो.

"काय बोलता?"

"ते अजून नीट जमलेलं नाही," तो म्हणाला. त्याच्या या प्रामाणिक उत्तरामुळे मी गेलो.

बोललेलं बाहेर न्यायचं नाही हा बैठकीचा पहिला नियम. त्यामुळे इथे मी माझीच गोष्ट सांगणार आहे. इतरांबद्दल त्यांनी जेवढी मुभा दिली तेवढंच. माणसं कोण, तर बँकवाला मित्र, शाळेचे मुख्याध्यापक (खोली त्यांच्यामुळे), कळव्याकडे छोटं नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर, एक बांधकाम कंत्राटदार, एक सीए, ऐरोलीच्या आयटी पार्कातला एक डिलिव्हरी हेड, एक सरकारी अधिकारी, घोडबंदर रोडवरच्या मोठ्या गृहसंकुलाचे अध्यक्ष आणि मी. पट ९.

पहिली बैठक म्हणावी तशी फुकट गेली. ओळख करून द्या म्हटल्यावर प्रत्येकाने हुद्दा सांगितला, हाताखाली किती माणसं ते सांगितलं आणि व्हिजिटिंग कार्ड काढलं. कंत्राटदारांनी अध्यक्षांना वॉटरप्रूफिंगचा दर सांगितला. मग घोडबंदरचा ट्रॅफिक, गायमुखचा घाट आणि मेट्रो कधी होणार यात पाऊण तास गेला. ठाण्यात चार पुरुष जमले आणि हे तीन विषय निघाले नाहीत असं होतच नाही. चहा आला, वडे आले, सात वाजले. घरी येताना मनात आलं, हे तर तलावपाळीच्या कट्ट्यावरही होतं, तिथे निदान हवा तरी लागते.

दुसरी बैठक त्याहून वाईट झाली. आयटीवाल्यांनी सांगितलं की त्यांना आठवड्यात कामावरून काढायच्या पंचवीस जणांची नावं द्यायची आहेत आणि झोप लागत नाही. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सहा जणांनी सहा उपाय सांगितले. परफॉर्मन्स रेटिंग लावा. नावं एचआरला देऊ दे. रात्री दुधात जायफळ घ्या. प्राणायाम करा. मीही बोललो: एक्सेल शीट करा, निकष ठरवा, गुण द्या. मोठ्या आत्मविश्वासाने बोललो. ते सगळ्यांकडे बघून "बरोबर आहे" म्हणाले आणि नंतर सातपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. हे लिहायला त्यांची परवानगी आहे. "जायफळ अवश्य लिहा," असं म्हणालेत.

तिसऱ्या वेळी मित्राने बँकेतून एक गोल पत्र्याचा डबा आणला आणि टेबलावर ठेवला. सल्ला दिला की दहा रुपये. 'तुम्ही असं करा' म्हटलं की दहा. 'मी असतो तर' म्हटलं की दहा. मान हलवत 'साधं आहे हो' म्हटलं तर वीस, कारण तो सल्लाही आहे आणि अपमानही. बोलायचं तर 'माझ्या बाबतीत असं झालं होतं' असं सुरू करायचं, नाहीतर प्रश्न विचारायचा. तोही खरा प्रश्न, शेपटीला सल्ला बांधलेला नको. ('तुम्ही डॉक्टरला का दाखवत नाही?' हा प्रश्न नव्हे. दहा रुपये.) त्या दिवशी डब्यात १४० रुपये जमले, त्यातले चाळीस माझे.

ही युक्ती मित्राच्या डोक्यातून निघालेली नव्हती. अमेरिकेत १९५० साली तरुण कंपनीप्रमुखांची वायपीओ म्हणून संघटना सुरू झाली. तिच्यात आठ-दहा जणांचे गट महिन्यातून एकदा भेटतात, आतलं बाहेर जात नाही आणि सल्ल्याऐवजी स्वतःचा अनुभव सांगतात. मित्राचा एक कर्जदार उद्योजक अशा गटात होता, त्याच्याकडून हे कळलं. तिथली वर्गणी आमच्यासारख्या पगारदारांना झेपणारी नाही, पण नियमांना वर्गणी लागत नाही. डॉक्टर म्हणाले, याहून जुनं उदाहरण अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन असे दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले, त्यातून ते उभं राहिलं. दोघेही आपापल्या क्षेत्रात लोकांना शहाणपण शिकवणारे. एकमेकांसमोर मात्र दोघांकडेही शहाणपण नव्हतं, आणि तेच उपयोगी पडलं.

सल्ला न देणं किती अवघड असतं हे ज्याला सल्ल्याचाच पगार मिळतो त्याला विचारा. दिवसभर माझ्या केबिनच्या दारात माणसं येतात ती अडचण घेऊन. पंधराव्या सेकंदाला मी उत्तर दिलं नाही तर माझीच मला लाज वाटते. समोरचा बोलत असताना मी ऐकत नसतो, उत्तर जुळवत असतो. हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी एका पत्र्याच्या डब्याने दाखवलं. पहिल्या दोन महिन्यांत तर माझ्या जिभेला अक्षरशः खाज सुटायची. फोन खडूच्या कपाटात बंद, तोंड बंद, पुढ्यात बाकावर कोरलेलं 'आर्यन + ' आणि पुढचं नाव खोडलेलं. एवढंच बघायला.

घरी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिची भिशी गेली चौदा वर्षं चालू आहे. बारा जणी. कोणाच्या नवऱ्याचं काय, कोणाच्या गाठीचा रिपोर्ट काय आला, कोणाची सून बोलत नाही, सगळं त्यांना ठाऊक. "तुम्हा लोकांना एवढ्यासाठी नियम लागतात?" ती म्हणाली. "आणि दंड?" मग थोडं थांबून म्हणाली, "आमच्यात सल्ले फार देतात पण." डब्याची कल्पना तिने भिशीत मांडली, ती एकमताने फेटाळली गेली.

बायकाही मोठ्या पदांवर असतात, मग ही फक्त पुरुषांची बैठक का, हा प्रश्न तिनेच काढला. माझं मत सांगतो, पटलं पाहिजे असं नाही. एक जरी बाई समोर असती तरी आमच्यातल्या निम्म्यांनी छान दिसायला सुरुवात केली असती. एकमेकांसमोर छान दिसायची सवय मोडायलाच आम्हाला चार महिने लागले. डॉक्टरांचं मत वेगळं आहे. हा वाद अजून चालू आहे.

आता माझी पाळी आली त्याबद्दल.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हेड ऑफिसने मला बोलावून सांगितलं की आमचं फॅब्रिकेशन शॉप रबाळ्यातून हलवायचं. पत्रा कापणं, पंचिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग हे सगळं दुसऱ्या राज्यात जाणार. असेंब्ली आणि टेस्टिंग इथे राहील. म्हणजे ५८ कायम कामगारांपैकी ३४ जणांची नोकरी जाणार. जाहीर ३१ मार्चला करायचं, तोपर्यंत अक्षर नाही. माझ्यासोबत ही गोष्ट माहीत असलेले कारखान्यात फक्त दोघे, एचआरवाला आणि अकाउंट्सवाला, आणि आम्ही तिघेही एकमेकांची नजर टाळायला लागलो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे नवीन नाही. सिडको १९७० ची, पण इथल्या कित्येक कंपन्या त्याच्याही आधीच्या. एकेक बंद होत गेली, जागेवर काचेच्या इमारती आल्या. आमच्या गेटसमोर जिथे शिफ्ट सुटली की पाचशे सायकली निघायच्या असं जुने लोक सांगतात, तिथे आता डेटा सेंटर आहे. दिवसरात्र चिलरचा घुं घुं आवाज, आणि गेटमधून माणूस आत जाताना क्वचितच दिसतो. मी स्वतःला हेच सांगत होतो, की हे सगळ्यांचंच चाललंय.

भाऊबीज होऊन आठवडा झाला असेल. आमचे एक कामगार, ज्यांना सगळं शॉप मामा म्हणतं, केबिनमध्ये आले. बेंडिंग मशीनवर सव्वीस वर्षं. पत्रा नुसता हातात धरून जाडी सांगतात, आणि व्हर्निअर लावलं तर तीच निघते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. टिटवाळ्याला वन बीएचके बघितलाय, मुलगा को-अ‍ॅप्लिकंट आहे, बँकेला कंपनीचं पत्र हवंय. एचआरने टाइप केलंय, साहेबांची सही राहिली.

पत्रात खोटं काहीच नव्हतं. अमुक तारखेपासून कायम कामगार, मूळ पगार इतका, हातात इतका. सगळं खरं. मी सही केली, शिक्का मारला, कागद परत दिला. मामा म्हणाले, "वास्तुशांतीला यायचं साहेब." मी म्हटलं, "नक्की."

डिसेंबरच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी विचारलं, आज कोण? माझा हात वर गेला. चौथीच्या वर्गात बसल्यावर हातच वर जातो.

बोलायला प्रत्येकाला बारा मिनिटं. मला वाटलं होतं, बाराव्या मिनिटापर्यंत पोचायला मुद्दे काढावे लागतील. सुरुवात प्रेझेंटेशनसारखीच केली: पार्श्वभूमी, खर्चाची तुलना, जागेचे दर, व्यवस्थापनाची भूमिका. चौथ्या मिनिटाला माझ्याच लक्षात आलं की हेड ऑफिसने मला जसं सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने, मी सांगतोय. थांबलो. मग मामांच्या पत्राचं सांगितलं. ते सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. उरलेला वेळ तसाच राहिला.

पंखा एका बाजूला कलून फिरत होता, त्याचा कट कट आवाज ऐकू यायला लागला. कंत्राटदारांनी तोंड उघडलं, डब्याकडे बघितलं, तोंड मिटलं, खिशातून दहाची नोट काढली, पुन्हा आत ठेवली. नंतर म्हणाले, दहा रुपये काही जास्त नव्हते, पण काय बोलायचं तेच सापडेना.

मग सोसायटीच्या अध्यक्षांनी प्रश्न विचारला. हा गृहस्थ आमच्यात सगळ्यात बडबड्या, निम्मा डबा त्यांनीच भरलेला. त्यांनी विचारलं, "सही करत होतात तेव्हा मामा कुठे होते?"

"समोर. टेबलापलीकडे."

"बसले होते?"

समोर दोन खुर्च्या असतात. पाहुण्यांसाठी, निळं कापड असलेल्या. मला खुर्च्या आठवल्या, पिशवी आठवली, पिशवीवरचं मिठाईच्या दुकानाचं नाव आठवलं. मामा उभे होते. सव्वीस वर्षांच्या माणसाला मी बसा म्हटलं नव्हतं. एरवी म्हणतो, हे मी लगेच सांगितलंसुद्धा. त्या दिवशी म्हटलं नव्हतं, कारण ते बसले असते तर दोन मिनिटं बोलावं लागलं असतं.

मी रडलो वगैरे नाही. घसा आवळला आणि कानशिलं तापली, एवढं झालं. कोणी पाठ थोपटली नाही, 'तुमचा नाइलाज होता' असंही कोणी म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर मी आनंदाने धरून ठेवलं असतं. पाणी आलं. मग मुख्याध्यापक त्यांच्याकडचं बोलले. शाळांना संचमान्यता असते, पटावर मुलं किती त्यावर शिक्षक किती ते ठरतं. पट घसरला की कोणीतरी अतिरिक्त ठरतं आणि समायोजनात कुठेही जातं. एका वर्षी त्यांना आकड्यांवरून जूनमध्येच दिसत होतं कोण जाणार. त्या बाई स्नेहसंमेलनाची नाटिका बसवत होत्या आणि हे तालीम बघायला जायचं टाळत होते. "नाटिका चांगली झाली म्हणे," एवढंच म्हणाले.

जिना उतरताना बँकवाला मित्र माझ्या बाजूने चालत होता. बराच वेळ गप्प. गेटपाशी म्हणाला, "ते लोन कोणत्या बँकेत आहे?" मी तोंड उघडलं, तर लगेच म्हणाला, "नको. सांगू नकोस."

त्या रात्री मी गाडीत बसलो नाही, हे खरं. साडेतीनला मात्र जाग आलीच.

पुढे काय झालं त्याचं श्रेय मी बैठकीला देणार नाही. हेड ऑफिसशी भांडून जाहीर करायची तारीख पाच आठवडे अलीकडे आणली, पण आमचा कामगार कायद्याचा सल्लागारही तेच सांगत होता. भरपाईची कायद्यातली किमान पातळी म्हणजे नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. युनियन आणि मॅनेजमेंट यांच्यात ओढाताण होऊन ती पस्तीस दिवसांवर गेली. त्यात माझा वाटा होता, युनियनचा जास्त होता. बैठकीमुळे एवढंच झालं की वाटाघाटींत मी बसून बोलायला लागलो. आधी मी उभा राहून बोलायचो, खिडकीजवळ, माझ्याही लक्षात न येता.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नोटीस लागली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये गेलो. मामा एकटे डबा खात होते. मला बघून उठले.

"बसा मामा."

"आधी तुम्ही, साहेब."

दोघं बसलो. स्टीलच्या ग्लासात चहा आला. मी दोन महिने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मामा, मी पत्रावर सही केली तेव्हा मला हे माहीत होतं."

"मलाही होतं," मामा म्हणाले.

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. त्यांनी चपातीचा घास मोडला. "सप्टेंबरात दोन माणसं टेप घेऊन आली नव्हती का? मशीनच्या पायाचे बोल्ट मोजून गेली. काम बघायला आलेला माणूस वर बघतो साहेब. खाली बोल्ट बघतो तो मशीन उचलायला आलेला असतो."

सप्टेंबर. म्हणजे माझ्याही महिनाभर आधी.

"मग पत्र?"

"लेटरहेड आहे तोवर पत्र. नंतर कोण देणार?"

मी काय बोलणार. तीन महिने ज्या अपराधावर मी झोप घालवली, त्यात मामा माझे भागीदार निघाले, किंबहुना मुख्य तेच. आणि तरी वाईट वाटायचं ते वाटतच होतं, फक्त आता ते ठेवायला जागा सापडेना. मामांनी डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं, त्यात लसणाची चटणी होती. मी बोटाने घेतली.

मार्चच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा वर्ग हसून लोटपोट झाला. कंत्राटदारांना ठसका लागला, डॉक्टरांनी त्यांच्या पाठीत बुक्क्या घातल्या. बँकवाला हसला नाही. त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. ३४ जणांपैकी सात-आठ जणांना आसपास, महापे-तुर्भे भागात कामं मिळाली, बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर. काही गावी गेले. मामांचा हप्ता आता मुलगा भरतो. वास्तुशांतीला मी गेलो होतो.

बैठकीची एक मर्यादा सांगायलाच हवी. आमच्यातल्या एकाचं प्रकरण बारा मिनिटांच्या आणि पत्र्याच्या डब्याच्या आवाक्याबाहेरचं निघालं. कोणाचं, काय, ते लिहिणार नाही. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी सगळे नियम बाजूला ठेवले, सल्ला दिला, डब्यात दहा रुपयेही टाकले आणि दोन दिवसांनी स्वतः त्यांना घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. पुढच्या वेळी डॉक्टरांनी आम्हाला आकडे सांगितले: २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, सर्वांत जास्त महाराष्ट्रात, आणि एकूण दहांत सात पुरुष होते. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था १९९० पासून आहे. तिचं नाव आम्हा सगळ्यांना माहीत, तिच्या व्याख्यानांना जाऊन आलेले आमच्यात तिघे. स्वतःसाठी दार वाजवलेला एकही नव्हता. तेव्हापासून फळ्यावर पट आणि हजर यांच्या खाली टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लिहितो, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. सोमवारी मुलं येण्याआधी मुख्याध्यापक तो पुसतात. एकदा पुसायचा राहिला, तर मुलांनी गणित समजून सोडवला. १४४१६ भागिले ४.

दीड वर्षात दोघे गळले. कंत्राटदारांना वेळ जमेना. सीए साहेबांनी सरळ सांगितलं, मला याचा काही उपयोग होत नाही, माझी बायको आहे आणि ती पुरते. कोणी वाईट वाटून घेतलं नाही, थोडा हेवाच वाटला. एक नवीन आले. अजूनही आम्ही सगळे एकमेकांना अहोजाहो करतो, माझा आणि बँकवाल्याचा अपवाद सोडून. आतलं सगळं माहीत असलेल्या माणसाला 'अहो अध्यक्ष, जरा पाणी सरकवा' म्हणायला मजा येते.

मागच्या महिन्यात गेटवर नवा वॉचमन होता. कोवळा पोरगा, टोपी कानापर्यंत आलेली. रजिस्टर मलाच द्यायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, स्वतःच पेन घेऊन लिहायला बसला. नाव विचारलं, वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिली. कोणाकडे? मुख्याध्यापक.

"काम काय लिहू?"

मागे अध्यक्ष उभे होते, वड्यांची पिशवी घेऊन. मी म्हटलं, "काम काही नाही रे. बसायला आलोय."

त्याने मान खाली घालून चौथ्या रकान्यात एकेक अक्षर जुळवत 'बसायला' असं लिहिलं, आणि सहीसाठी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.